कॅनव्हास प्रिंट बोर्डावर चिकटवून फ्रेम करायचा आहे. मागचा उन्हाळ्यात फुगला

अनेरकाठ | १४ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. चोपडा तालुक्यातून लिहितोय. तशी गोष्ट छोटी आहे, पण जिवाला लागलीय म्हणून सविस्तर सांगतो.

वडील कामात असतानाचा आमच्याकडे एकच फोटो आहे. पोळ्याच्या सकाळी अनेर नदीत बैल धुताना कुणीतरी काढलेला, सहा बाय चार इंचांचा, लॅबमधून आलेला साधा फोटो. डावीकडच्या बैलाचं शिंग फोटोच्या अगदी कडेला टेकलंय. उजवीकडे वडिलांचा हात, त्यात काथ्याचा घासणा. बाकी सगळ्या फोटोंत ते लग्नकार्यात टोपी घालून ताठ बसलेले. हा एकच त्यांच्यासारखा आहे.

डिसेंबरात तो ६०० डीपीआयवर स्कॅन करून ३० बाय २० इंचाच्या कॅनव्हासवर छापून घेतला. जानेवारीत घरीच एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या) बोर्डावर चिकटवला, गावातल्या सुताराकडून पट्टी लावून घेतली आणि बैठकीत टांगला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण माहेरी आली तेव्हा तिच्या आधी लक्षात आलं. बोर्ड धनुष्यासारखा वाकलाय आणि वडिलांच्या खांद्यावर व बैलाच्या पाठीवर फुगे आलेत. बोट दाबलं की फुगा बसतो, सोडलं की परत वर येतो.

श्रावणात कानबाईच्या सणाला सगळे भाऊबंद घरी येतात. त्याआधी पुन्हा नवा करायचाय, आणि या वेळी टिकायला हवा. कुणी नीट मार्ग दाखवेल का?

चौकटवाला | १४ मे, रात्री १०:२५

दादा, आधी विचारतो, मग सांगतो. एमडीएफ किती मिलीचा होता? पाठ कोरीच होती की तिला काही लावलं होतं? ग्लू कोणता, आणि पसरवला कशाने? प्रिंट आल्यावर किती दिवसांनी चिकटवला? बोर्डाच्या कडा पुढे आल्यात की पोट पुढे आलंय? आणि फ्रेम कोणत्या दिशेच्या भिंतीवर होती?

भुसावळला माझं फ्रेमिंगचं दुकान आहे. दुरुस्तीला येणाऱ्या फ्रेमांत शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं, म्हणून मुद्दाम विचारतोय.

अनेरकाठ | १५ मे, सकाळी ७:१०

एमडीएफ ४ मिलीचा. पाठ कोरी. सुतार वापरतात तो पांढरा ग्लू बाटलीतून सरळ बोर्डावर ओतला आणि पुठ्ठ्याच्या तुकड्याने ओढला. प्रिंट आला त्याच संध्याकाळी चिकटवला. वर गादी, गादीवर पत्र्याची पेटी, रात्रभर. सकाळी उचलून फ्रेमला दिला. कडा पुढे आल्यात, मधला भाग भिंतीकडे गेलाय.

भिंत पश्चिमेची. वर पत्रे आहेत. संध्याकाळी पाचला हात लावला तर चटका बसतो.

चौकटवाला | १५ मे, दुपारी २:०५

आता चित्र स्पष्ट झालं. तुमच्या फ्रेमला दोन वेगळी दुखणी आहेत. वाकणं वेगळं आणि फुगणं वेगळं. दोन्हींवर एकच औषध चालत नाही.

आधी वाकणं. पांढऱ्या ग्लूमध्ये पाणी असतं. ते तुम्ही भरपूर ओतलं, एमडीएफच्या एकाच बाजूने ते प्यायलं. नंतर वाळताना कॅनव्हास आणि ग्लूचा थर दोन्ही आकसले आणि बोर्डाचं तोंड आपल्याकडे ओढून घेतलं. पाठ कोरी असल्यामुळे उलट बाजूने ओढणारं काहीच नव्हतं. ४ मिलीचा बोर्ड त्या ताणापुढे टिकत नाही. म्हणूनच कडा पुढे आल्या. यावर उपाय जुना आणि खात्रीचा आहे: जे पुढे लावाल ते त्याच दिवशी, त्याच ग्लूने पाठीलाही लावायचं. पाठीचा कॅनव्हास कोरा, स्वस्तातला चालतो, पण वजनाने पुढच्याच्या जवळपास हवा. दोन्ही बाजूंनी सारखी ओढ बसली की बोर्ड सरळ राहतो.

आता फुगे. पुठ्ठ्याने ओढलेला ग्लू कुठे जाड, कुठे नावालाच लागतो. नावालाच लागलेल्या जागी कॅनव्हास वरवर धरतो. त्यात पांढरा ग्लू उष्णतेने मऊ पडतो. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच ४४-४५ अंश असतात, पत्र्याखालची पश्चिमेची भिंत त्याहून तापते. मऊ पडलेल्या ग्लूवरून कॅनव्हास सुटला आणि अडकलेल्या हवेला जागा मिळाली. गादीचं वजनही चुकीचं. गादी दबते, पेटीचे कोपरे तेवढे टेकतात, मधे दाबच पडत नाही. वजनाखाली नेहमी सपाट, कडक फळी हवी.

शाईवाला | १५ मे, दुपारी ४:३०

धुळ्यात माझं छपाईचं काम आहे. माझ्या बाजूचं थोडं सांगतो, कारण दोष नेहमी चिकटवणाऱ्यावरच जातो.

प्रिंट आला त्याच संध्याकाळी चिकटवला, इथे थांबायला हवं होतं. सॉल्व्हंट शाईचा प्रिंट हाताला कोरडा लागला तरी आतून द्रव उडत असतो. निदान २४ तास त्याला मोकळ्या हवेत ठेवायचा, मी स्वतः दोन दिवस ठेवतो. लगेच वार्निश किंवा लॅमिनेशन केलं की ते द्रव आतच कोंडतात. पाण्यावरची पिगमेंट शाई असेल तर वेगळी काळजी: वार्निश होईपर्यंत तिच्यावर ओला हातही नको. घामाचं बोट उमटतं.

कॅनव्हास कोणता आहे हेही छापणाऱ्याला विचारा. निव्वळ सुती कॅनव्हास ओला झाला की चांगलाच आकसतो. पॉलिस्टर जवळजवळ आकसत नाही. पॉलिकॉटन मधला. तुमच्यासारख्या कामाला मी पॉलिकॉटन देतो, विणीचा पोतही दिसतो आणि ताणही आवरता येतो.

छापलेली बाजू बाहेर ठेवून गुंडाळी करा, आत नको. आणि घरी नेल्यावर एक दिवस सपाट पसरून ठेवा.

स्कॅनचं तुम्ही बरोबर केलंत. सहा इंच गुणिले ६०० म्हणजे ३६०० पिक्सेल, ते ३० इंचांवर पसरले की इंचाला १२० येतात. कागदावर हे कमी वाटेल, पण कॅनव्हासची वीण बारीक तपशील तसाही पोटात घेते आणि असा फोटो आपण चार-पाच फुटांवरून बघतो. पुरतं.

चाळीसगावकर | १५ मे, रात्री ८:५०

मी हौशी फोटोग्राफर. माझं मत वेगळं आहे. कॅनव्हास बोर्डावर चिकटवायचाच कशाला? लाकडी चौकटीवर ताणा, मागून स्टेपल करा, झालं. सारंगखेड्याच्या घोडेबाजारातले माझे आठ फोटो असेच ताणून लावलेत, ग्लूचा थेंब नाही. उद्या काढावासा वाटला तर स्टेपल उपसून कॅनव्हास जसाच्या तसा हातात येतो. चिकटवलेला कधीच तसा येत नाही.

चौकटवाला | १६ मे, सकाळी ९:१५

तुमचं म्हणणं मान्य आहे भाऊ, माझ्याकडेही ताणायचीच कामं जास्त असतात. पण यांचा फोटो पुन्हा वाचा. बैलाचं शिंग एका कडेला टेकलंय, वडिलांचा हात दुसऱ्या कडेला. दीड इंचाच्या चौकटीवर ताणायचं तर चारही बाजूंनी तेवढं चित्र कडेवरून मागे वळतं. शिंग जाईल आणि घासण्याचा हात जाईल. संगणकावर कडा आरशासारख्या उलट्या करून वाढवता येतात, पण मग शिंगाला शिंग जोडलेलं दिसतं. बोर्डावर मात्र चित्राचा शेवटचा धागाही पुढेच राहतो, फ्रेमच्या खाचेत पाव इंच झाकला जातो तेवढाच. तोही वाचवायचा तर छापतानाच भोवती पाव इंच पांढरी पट्टी सोडायची.

दुसरं म्हणजे बैठकीची खोली. ताणलेला कॅनव्हास पावसाळ्यात सैल पडून लोंबतो, कोपऱ्यातल्या पाचरी ठोकून पुन्हा ताणावा लागतो. पोरांचं कोपर लागलं, खुर्चीची पाठ लागली की पोचा कायमचा. शाळेच्या व्हरांड्यात, सभागृहात मी बोर्डच सुचवतो.

चाळीसगावकर | १६ मे, दुपारी १२:४०

शिंगाचं माझ्या लक्षातच आलं नाही. माझे शब्द मागे घेतो.

मी छायाचित्रकार केकी मूस यांच्या गावचा. शाळेत असताना त्यांच्या वास्तूत पहिल्यांदा गेलो तेव्हा टेबलावर मांडलेल्या चार वस्तूंतून त्यांनी उभी केलेली अख्खी निसर्गदृश्यं बघितली होती. कडेला काय ठेवलंय आणि काय टाळलंय, यावर सगळा खेळ. तो धडा मी इथे विसरलो. अनेरकाठ, तुमच्या फोटोत ज्याने शिंग आत धरलं, त्याची चौकट तशीच ठेवा. बोर्डच करा.

शिरपूरना भाऊ | १६ मे, संध्याकाळी ६:००

राम राम मंडळी. चर्चा नामी शे. एक विचारू का? सनबोर्डवर पेस्टिंग करून देतात ते का नको? हलका असतो, पाण्याने फुगत नाही, वाळवी लागत नाही. आमच्याकडे बॅनरवाले अर्ध्या तासात करून देतात.

चौकटवाला | १६ मे, रात्री ९:३०

राम राम भाऊ. १२ बाय १८ पर्यंत आणि आतल्या भिंतीवर सनबोर्ड चालतो. पण तो फुगीर प्लास्टिकचा बोर्ड आहे, उन्हात मऊ पडतो. ३० इंचाचा असेल तर तापत्या भिंतीवर मधून पोक येतो. पेस्टिंग ज्या गमिंगने, म्हणजे दोन्ही बाजूंनी चिकट असलेल्या फिल्मने, होतं ते गुळगुळीत विनाइलला घट्ट बसतं. कॅनव्हासची पाठ खरखरीत, ती फक्त विणीच्या उंचवट्यांवर टेकते. म्हणून कोपरे आधी उठतात. करायचंच तर जाड, जास्त चिकट गमिंग मागा आणि मशीनच्या रोलरमधून दाबून घ्या, हाताने नको.

खर्च परवडत असेल तर ३ मिलीची एसीपी शीट उत्तम. दोन पातळ अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे, मधे प्लास्टिक. पाणी पीत नाही, वाळवीला खायला काही नाही, दोन्ही बाजू सारख्या म्हणून वाकायचं कारणही नाही. उन्हाने लांबते, पण ३० अंशांच्या फरकाला ३० इंचात जेमतेम अर्धा मिलीमीटर. फ्रेमच्या खाचेत दोन-दोन मिली मोकळं सोडलं की भागलं. मात्र तिच्यावर पांढरा ग्लू वापरायचा नाही. पत्रा पाणी पीत नाही, वार्निशचा कॅनव्हासही पुढून पाणी जाऊ देत नाही, मग ग्लू वाळणार कुठून? तिथे गमिंगच लागतं. शीटचं संरक्षक प्लास्टिक काढून बारीक पॉलिश पेपर मारायचा, स्पिरिटने पुसायचं, मग लावायचं.

अनेरकाठ | १७ मे, सकाळी ६:५५

तुम्ही सगळे एवढ्या आपुलकीने सांगताय, बरं वाटतंय. मशीन इथे जवळ नाही आणि मला हे स्वतःच्या हाताने करायचंय. तर लाकडी बोर्डच घेतो. एक शंका: सुतार म्हणतो वरून चपडा पॉलिश मार, चमक येईल आणि पाणी लागणार नाही. मारू का?

जुनी पानं | १७ मे, सकाळी ११:२०

दादा, चपडा अजिबात नको. मी जुनी पोथ्या-कागदपत्रं दुरुस्त करण्याचं काम करते, म्हणून राहवलं नाही.

याचा धडा आपल्या शेजारीच आहे. जळगावहून साठेक किलोमीटरवर अजिंठा. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना तिथल्या चित्रांच्या डागडुजीसाठी आणलं. सुटत चाललेला गिलावा त्यांनी भिंतीला पुन्हा बसवला, ते मोलाचंच काम झालं. पण चित्रांवर त्यांनी शेलॅक, म्हणजे हाच आपला चपडा, लावला. तेव्हा रंग उजळ दिसले. वर्षं गेली तसा तो थर पिवळा-तपकिरी पडला, आणि पुढे पुरातत्त्व खात्याला तो मोठ्या कष्टाने काढावा लागला. तुमच्या फोटोतलं नदीचं पाणी पिवळं पडायला नको असेल तर कॅनव्हास प्रिंटसाठीचं पाण्यावरचं अ‍ॅक्रिलिक वार्निश घ्या. फोमच्या रोलरने दोन पातळ हात, पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा पहिल्याच्या आडव्या दिशेने. कापडाने कधी पुसायचं झालं तरी शाई निघत नाही.

आणखी एक, फार कळकळीने सांगते. तो मूळ सहा बाय चारचा फोटो कशालाही चिकटवू नका. एमडीएफ, हार्डबोर्ड, साधा पुठ्ठा यांतून आम्ल सुटतं आणि कागद पिवळा करतं. प्रिंट पुन्हा काढता येतो. मूळ फोटो आम्लरहित कागदाच्या पाकिटात, लोखंडी कपाटाच्या मधल्या कप्प्यात ठेवा. स्कॅनची फाइल दोन ठिकाणी ठेवा, एक बहिणीच्या घरी. हेच हाताने रंगवलेल्या चित्राला लागू आहे. कुणाकडे आजोबांनी रंगवलेलं कॅनव्हासवरचं चित्र असेल तर या धाग्यातली कोणतीही पद्धत त्याच्यावर करू नका.

चौकटवाला | १७ मे, दुपारी ३:४५

ताईंनी सांगितलं ते सोन्यासारखं आहे. दुकानात जुनं ऑइल पेंटिंग घेऊन कुणी बोर्डावर चिकटवून मागितलं तर मी परत पाठवतो.

अनेरकाठ दादा, आता कामाचं. बोर्ड एचडीएचएमआर घ्या, ८ मिलीचा. साध्या एमडीएफपेक्षा घट्ट आणि ओल कमी धरतो. ३० बाय २० चा साधारण अडीच-पावणेतीन किलो भरेल, म्हणून एका खिळ्यावर टांगू नका, दोन हुक. बोर्ड कापून आला की दोन्ही बाजूंना आणि चारही कडांना प्रायमरचा एक पातळ हात द्या. कडा विसरू नका, पाणी आणि वाळवी दोन्ही तिथूनच शिरतात. वाळल्यावर १२० नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवा, म्हणजे ग्लूला पकड मिळेल. धूळ ओल्या फडक्याने उचला आणि पूर्ण सुकू द्या. खडा राहिला तर तो कॅनव्हासवर जन्मभर दिसतो.

ग्लू बोर्डाला लावायचा, कॅनव्हासला नाही. दहा भागाला एक भाग पाणी घालून सारखा करा आणि चार इंची रोलरने आधी उभा, मग आडवा फिरवा. बोर्ड सगळीकडे सारखा दुधाळ दिसला पाहिजे. डबकं नको, कोरडा पट्टा नको. पंखा बंद. आधी एका तुकड्यावर करून बघा, म्हणजे हात बसेल.

अनेरकाठ | २९ जून, रात्री ९:१५

मंडळी, काल केलं. पाऊस सुरू झाला म्हणून भीती होती, पण दोन दिवस उघडीप मिळाली.

प्रिंट पॉलिकॉटनवर घेतला, चारही बाजूंनी एक इंच कॅनव्हास जास्त ठेवून. दोन दिवस पलंगावर पसरून ठेवला, मग वार्निशचे दोन हात. पोराने आणि मी मिळून लावला. बोर्डाच्या मागे मधोमध पेन्सिलची रेघ होती, कॅनव्हासच्या मागेही, त्यावरून आधी कोरडाच बसवून बघितला. मग पुठ्ठ्याच्या नळीवर सैल गुंडाळला, छापलेली बाजू बाहेर. पोरगा नळी उलगडत गेला आणि मी मागोमाग तळहाताने मधून कडांकडे दाबत गेलो. रबरी रोलर नव्हता. घरचं लाटणं धुतलेल्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलं आणि तेच फिरवलं. हवेचा एक पट्टा बैलाच्या पोटाखाली अडकला होता. अर्धा कॅनव्हास पुन्हा उचलला, परत उलगडला, गेला. ग्लू ओला असेपर्यंत उचलता येतो हे चौकटवाल्या दादांनी फोनवर सांगून ठेवलं होतं म्हणून हात थरथरला नाही.

लगेच उलटा करून पाठीला कोरा कॅनव्हास. दोन्हीकडे बटर पेपर, खाली फरशी, वर जुन्या दाराची फळी आणि फळीवर सिमेंटच्या दोन गोण्या. हवेत ओल आहे म्हणून तीन दिवस हलवणार नाही.

चौकटवाला | ३० जून, सकाळी ८:३०

छान केलंत. उचलल्यावर कडा कापताना चित्र खाली, बटर पेपरवर, आणि कटरमध्ये नवं ब्लेड. बोर्डाच्या कडेला ब्लेड टेकवून एका दमात ओढा. बोथट ब्लेड कापत नाही, धागे ओढतं.

मग बोटाच्या पेराने सगळीकडे हळू टकटक करून ऐका. भरीव आवाज म्हणजे धरलंय, डबडब आवाज म्हणजे आत पोकळ. पोकळ सापडलंच तर दवाखान्यातली बारीक सुई, दोन धाग्यांच्या मधून थेंबभर पातळ ग्लू आत सोडायचा, ओल्या फडक्याने वरचा पुसायचा, बटर पेपर आणि वजन. इस्त्रीने बसवतात काही जण, पण वार्निशच्या प्रिंटवर मी ती लावू देत नाही.

फ्रेमला काच लावू नका. दमट दिवसांत कॅनव्हास काचेला चिकटतो आणि वार्निश केल्यावर काचेची गरजही नाही. मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या टिकल्या लावा, भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळली पाहिजे. आणि दादा, पश्चिमेची भिंत सोडा.

अनेरकाठ | ५ ऑगस्ट, संध्याकाळी ७:३०

कानबाई छान झाली, विसर्जनही झालं. आता निवांत लिहितोय.

टकटक केली तेव्हा वरच्या डाव्या कोपऱ्यात रुपयाएवढी एक जागा पोकळ निघाली. सुईने भरली, आता भरीव वाजते. बोर्डावर सुताराची पट्टी धरून बघितली, कुठेही उजेड दिसत नाही. सागाची साधी पट्टी लावली, नक्षी नको म्हटलं. फ्रेम पूर्वेच्या आतल्या भिंतीवर आहे, देवघराच्या बाजूला.

रोटांचा प्रसाद झाल्यावर आई फ्रेमसमोर जाऊन उभी राहिली. बराच वेळ काही बोलली नाही. मग बोट ठेवून म्हणाली, हा डावीकडचा सर्जा नाही, सर्जा त्याच वर्षी गेला होता, हा शेजाऱ्यांकडून सावडीला, एकमेकांच्या कामापुरता, आणलेला. मी आजवर त्याला सर्जाच समजत होतो. छोट्या फोटोत तिने ते कधी बघितलंच नव्हतं. शिंगाच्या टोकाला पितळेची शेंबी आहे, त्यावरून तिने ओळखलं.

बहिणीलाही हवाय, नंदुरबारला. तिच्याकडे मशीन असलेला माणूस आहे, तर एसीपीवर करावा म्हणतो. माप हेच ठेवू का?

चौकटवाला | ५ ऑगस्ट, रात्री १०:००

माप हेच ठेवा दादा, आणि भोवती पाव इंच पांढरी पट्टी सोडायला सांगा, म्हणजे शेंबी खाचेत जाणार नाही. गमिंग लावण्याआधी शीटचं प्लास्टिक काढलंय ना, हे त्याच्या दुकानात उभं राहून बघून घ्या.